कोलारच्या सुवर्णखाणी : उदय आणि अस्त

मार्च महिन्यांत वर्गांतील एका मुलानें विहिरीच्या खोदकामांत निघालेला एक लखलखणारा दगड मला आणून दाखविला आणि मोठ्या आशेनें विचारिलें, "सर, यांत सोनें असेल का हो?" तो गारेच्या स्फटिकांचा झुबका होता. 'नाहीं' एवढ्या एकाच शब्दांत त्यास उत्तर देतां आलें असतें. परंतु त्या 'नाहीं'च्या मागें मोठी कथा आहे. ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आपलें तळेगांव ढमढेरे, वेळ नदीचें पात्र, शिरूर-दौंडाकडील माळरानें, हीं सारीं काळ्या खडकावर वसलेलीं आहेत. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त लाव्हा थरावर थर पसरून हा खडक झाला. त्याच्या पोकळींत गारगोट्या सांपडतात. सोन्याच्या शिरा सांपडत नाहींत. कोलारचा खडक याहून फार प्राचीन, सुमारें २७० कोटि वर्षांपूर्वींचा आहे. पृथ्वीच्या पोटांतून वर चढणाऱ्या अतितप्त पाण्यांत सोन्याचा अंश विरघळलेला असतो. तें पाणी खडकांच्या भेगांत निवूं लागलें म्हणजे गारेबरोबर सोनेंहि तेथें बसतें. त्याच सोन्याच्या शिरा होत.

कोलार जिल्हा आज कर्नाटक राज्यांत आहे. मराठी वाचकांस हें नांव अगदींच परकें नाहीं. शहाजीराजांच्या जहागिरींत बंगळूरबरोबर कोलारहि होतें. तेथील गांवकरी माती धुऊन सोन्याचे कण काढीत असत. १८०२ सालीं जॉन वॉरन नामक लष्करी अधिकाऱ्यानें हें पाहिलें व त्याविषयीं लिहून ठेविलें. पुढें बंगळुरांत राहणाऱ्या मायकेल लॅव्हेल नांवाच्या आयरिश निवृत्त शिपायाच्या वाचनांत तो वृत्तांत आला. तो १८७१ सालीं बैलगाडीनें कोलारकडे गेला आणि १८७३ सालीं त्यानें म्हैसूर सरकारकडे खाणकामाची परवानगी मागितली. त्याच्याजवळ भांडवल नव्हतें. १८८० सालीं लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी या कामांत उतरली, आणि उजाड माळावर पाहतां पाहतां एक नगर उभें राहिलें.

त्या नगराचें वैभव काय वर्णावें! १९०२ सालीं कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथून सुमारें १४७ किलोमीटर तारा ओढून खाणींस वीज आणिली गेली. खुद्द बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ सालीं. साहेबांचे बंगले, क्लब, इस्पितळ, गिरिजाघरें व शाळा यांमुळें लोक त्या गांवास 'छोटें इंग्लंड' म्हणूं लागले. परंतु थोड्याच अंतरावर मजुरांच्या चाळी होत्या. हे मजूर बहुतेक तामिळ मुलुखांतून आलेले, दरिद्री व दलित कुटुंबांतील होते. सोनें त्यांच्या हातून निघे. त्यांच्या घरीं मात्र तें क्वचितच येई.

खाण जसजशी खोल गेली, तसतसें काम बिकट होत गेलें. शेवटीं ती ३ किलोमीटरांहूनहि खोल उतरली. तेथें खडकाची उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या वर असे. वरच्या प्रचंड भारानें दाबलेला खडक एकाएकीं फुटे, आणि त्यांत अनेकांचे प्राण गेले. या खोलीचा शास्त्रासहि उपयोग झाला. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ सालीं याच खाणींत, वातावरणांत उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा मागोवा घेतला.

प्रारंभीं एक टन खडकांतून ४० ग्रॅमच्या आसपासहि सोनें मिळे. अखेरीस तें ३-४ ग्रॅमवर आलें. खर्च वाढला, उत्पन्न घटलें. १९५६ सालीं खाणी म्हैसूर सरकारनें ताब्यांत घेतल्या, पुढें त्या केंद्र सरकारकडे गेल्या. तरी तोटा थांबला नाहीं. सुमारें १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोनें देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजीं त्या बंद झाल्या. चाकें थांबलीं, पंप थांबले, आणि खोल बोगद्यांत पाणी भरलें. सोनें काढून घेतल्यावर उरलेल्या दळलेल्या खडकाच्या राखी टेकड्या मात्र अद्याप उभ्या आहेत. त्यांत सायनाइडाच्या प्रक्रियेचे अवशेष आहेत, आणि वारा सुटला कीं त्यांची धूळ घराघरांत शिरते. गांवांत वस्ती अजून मोठी आहे, पण काम नाहीं. म्हणून हजारों माणसें पहांटेची आगगाडी धरून बंगळुरास जातात व रात्रीं परततात.

उद्योगी मनुष्यास काम केव्हांहि मिळतें असें आपण मानतों. कोलारचे मजूर आळशी नव्हते; त्यांच्याइतकें कष्टाचें काम थोड्यांनींच केलें असेल. परंतु त्यांस अवगत असलेली कला एकाच खाणीच्या उपयोगाची होती, आणि साऱ्या नगराचें पोट त्या एका शिरेवर अवलंबून होतें. सणसवाडी व रांजणगांव येथील कारखान्यांत आपल्यापैकीं अनेकांचे वडील व बंधु काम करितात. ते कारखाने चिरकाल चालोत. तथापि पालकांस माझी विनंति अशी कीं, दारापाशीं नोकरी आहे म्हणून मुलांचें, विशेषतः मुलींचें, शिक्षण मध्येंच तोडूं नये. आणि शेताकडेहि पाठ फिरवूं नये. एका उत्पन्नावर सारा गांव टेकला, म्हणजे तें आटतांच सारा गांव कोसळतो.

त्या मुलाचा दगड त्याच्याच अनुमतीनें आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंत ठेविला आहे. खालीं चिठ्ठीवर त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें आहे : "गारेचे स्फटिक. सोनें नाहीं." ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं अवश्य यावें.