इंजिनातली काजळी आणि पीयूसीची पावती

मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा आग पेटते आणि विझते. ज्वाळेचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. ज्या पिस्टनच्या माथ्यावर ही आग भडकते तो ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. तरी पिस्टन वितळत नाही. लाख-दोन लाख किलोमीटर इमानानं चालतो. त्याहून नवल असं, की हेड उतरवून पाहिलं तर त्याच पिस्टनच्या माथ्यावर काळ्या-तपकिरी काजळीचा थर बसलेला दिसतो. दोन हजार अंशांच्या भट्टीत कार्बन जळून न जाता शिल्लक राहतोच कसा?

पंचवटीत हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. नाशिकचं आरटीओ कार्यालय इथेच, पेठ रोडला आहे. पीयूसी, पासिंग, टॅक्सीचा परवाना, सगळी ये-जा तिकडे. पीयूसीत गाडी नापास झाली किंवा ॲव्हरेज पडलं की हल्ली गॅरेजात एक सल्ला ठरलेला असतो: ‘कार्बन धरलाय, डिकार्बन करून घ्या.’ एक यंत्र जोडतात, अर्धा-पाऊण तास गाडी जागच्या जागी चालू ठेवतात, आणि मग पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, प्रदूषण घटेल असं सांगतात. यातलं खरं किती, हे समजायचं तर आधी त्या काजळीकडेच जायला हवं.

चुलीवर ठेवलेल्या पातेल्याचं बूड आठवा. खाली जाळ धगधगत असतो, पण पातेल्यात पाणी असल्यामुळे बुडाचा पत्रा त्या मानानं थंड राहतो. म्हणून तर जाळातली काजळी नेमकी तिथेच धरते. इंजिनात हेच घडतं. हेडमध्ये आणि सिलिंडरभोवती पाणी खेळतं, पिस्टनची उष्णता रिंगांवाटे आणि तेलावाटे निघून जाते. त्यामुळे ज्वाळा दोन हजार अंशांवर असली तरी पिस्टनचा माथा साधारण दोनशे ते तीनशे अंशांवरच राहतो. धातूला लागून वायूचा एक अतिपातळ, थंड पापुद्रा असतो. ज्वाळा तिथपर्यंत येते आणि विझते. पिस्टनला वितळू न देणारा हा पापुद्राच काजळीलाही जपतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते याच्या पुढचं. काजळी उष्णता अडवते. थर जाड होत गेला की त्याचा वरचा पृष्ठभाग अधिक तापतो, आणि तो सुमारे तीनशे अंशांपलीकडे गेला की नवी काजळी त्यावर बसेनाशी होते. थर आपणच आपली वाढ रोखतो. काही हजार किलोमीटरांत तो एका जाडीवर स्थिरावतो. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे शेलच्या संशोधन केंद्रात अनेक वर्षं काम केलेले गौतम कलघटगी यांनी पेट्रोल इंजिनांतल्या अशा थरांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा १९९० साली लिहिला. अशा अभ्यासांतून दिसणारं चित्र ‘कार्बन म्हणजे वाईट’ इतकं सोपं नाही. ज्वलनकक्षातल्या थरामुळे उष्णता कोंडली जाते, तापमान वाढतं, म्हणून नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात आणि इंजिन ‘नॉकिंग’ करू लागतं. थराच्या छिद्रांत थोडं इंधन शोषलं जाऊन ते न जळताच बाहेर पडतं. हे सगळे तोटेच. पण कोंडलेली उष्णता वाया जात नाही, म्हणून इंधनाची किंचित बचतही होते. म्हणजे ज्वलनकक्ष लख्ख केला की एक प्रदूषक घटेल, आणि ॲव्हरेज मात्र वाढेलच असं नाही.

मग हा डिकार्बनचा विश्वास आला कुठून? तो अनुभवातून आला आहे, आणि तो अनुभव खरा होता. १९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेल्या बजाज चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि तेही पेट्रोलबरोबर जळायचं. धूर बाहेर सोडणारं छिद्र सिलिंडरच्या भिंतीतच असे. काजळीनं ते छिद्र आणि सायलेन्सर चोंदले की इंजिनाचा श्वासच कोंडायचा. मग मिस्त्री हेड उतरवायचे, कार्बन खरवडायचे, सायलेन्सर जाळून झटकायचे, आणि त्याच संध्याकाळी स्कूटर चढावर पळायची. एका पिढीनं हा फरक हातानं अनुभवला. आजच्या फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाल्या गाडीत ऑइल मुद्दाम जाळत नाहीत आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह चोंदत नाहीत. नाव तेच राहिलं, इंजिन बदललं.

आता ते यंत्र. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे आणि ते मिश्रण गाडीच्या हवेच्या नळीत सोडायचं, अशी यंत्रं बरीच चालतात. हा वायू काजळी जाळून टाकतो, असा दावा असतो. थोडा हिशेब करू. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर जागच्या जागी चालू असताना चारशे वेळा सिलिंडर भरतात. थ्रॉटल जवळपास बंद असल्यानं प्रत्यक्षात मिनिटाला साधारण दीडशे लिटर हवा आत जाते. त्यात तीसेक लिटर ऑक्सिजन आधीच असतो. तासाला हजार लिटर वायू देणारं यंत्र घेतलं तरी मिनिटाला सोळा-सतरा लिटर मिश्रण मिळतं, त्यात ऑक्सिजन पाच-सहा लिटर. आणि हायड्रोजनची ज्वाळा कितीही तापली तरी पेट्रोलची ज्वाळाही दोन हजार अंशांपलीकडचीच होती. वर्षानुवर्षं ती काजळीजवळ पोचून विझतच आली. कोरडी काजळी ऑक्सिजनमध्ये पेटायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. गाडी जागेवर उभी असताना इंजिन सर्वांत कमी तापलेलं असतं. म्हणजे काजळी जाळायला सर्वांत वाईट वेळ निवडायची आणि तिथे गार भिंतीवर भरवसा ठेवायचा. या पद्धतीनं पिस्टनवरचा जुना थर साफ होतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक हिशेब मनात घोळवण्यासारखा आहे. एका सिलिंडरमधली काजळी वजनाला एखाद-दोन ग्रॅम भरते. एक लिटर पेट्रोल जळालं की मात्र त्यातला सहाशे ग्रॅमहून अधिक कार्बन सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली तर सुमारे दीड टन. इंजिनातला कार्बन काढला म्हणजे हवेत जाणारा कार्बन कमी झाला, असं वाटणं साहजिक आहे, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा संबंधच नाही. कार्बन डायऑक्साइड कमी होतो तो फक्त पेट्रोल कमी जळालं तर.

उरलेल्या विषारी वायूंचं काय? इथे आजच्या गाडीतल्या दोन भागांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. सायलेन्सरच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलासुरला ऑक्सिजन सतत चाखत असतो आणि त्यावरून संगणक पेट्रोलचं माप क्षणोक्षणी दुरुस्त करतो. त्यापुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तापला की, कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी करून टाकतो. तापला की, हे शब्द महत्त्वाचे. अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो जवळजवळ झोपलेला असतो.

पावतीचा घोटाळा इथेच होतो. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल चारचाकींना पीयूसीत जागच्या जागी चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. घरून दोन मिनिटांत गॅरेजला आणलेली, अर्धवट थंड गाडी आधी तपासली. मग पाऊण तास चालू ठेवून, सगळं तापल्यावर पुन्हा तपासली, तर दुसरा आकडा खाली येणारच. मधल्या वेळात यंत्र जोडलं काय आणि नुसता चहा घेतला काय. यंत्र चालू असतानाच नळी लावली तर आणखी फरक दिसेल, कारण त्या वेळी इंजिन थोडंफार हायड्रोजनवर चालतंय आणि हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो.

पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. डिझेल गाड्यांच्या बाबतीत ही उणीव फार महागात पडते. दिंडोरी रोडच्या बाजार समितीत भाजीपाला घेऊन येणाऱ्या पिकअप पाहा. डिझेल गाडीत थोडा धूर परत इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, ईजीआर. परत आलेल्या धुरामुळे ज्वलन जरा थंड होतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. याची किंमत म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आणि हवेच्या नळीत दाट काजळी साचते. तो व्हॉल्व्ह खोलून साफ करणं हे खरं, उपयोगाचं डिकार्बन आहे. पण काही ठिकाणी तो पत्रा लावून बंदच करतात. धूर कमी दिसतो, गाडी हलकी पळते, पावतीही छान येते. आणि डोळ्यांना न दिसणारी ती ऑक्साइडं कितीतरी वाढतात. उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो, जो फुप्फुसांना जाळतो. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतलं शहर आहे. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर लाखो माणसं चालतील तेव्हा त्यांच्या छातीत जाणारी हवा पीयूसीच्या पावतीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ईजीआर बंद करणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

डिझेलच्या काळ्या धुराचं मूळ बहुतेकदा नोझलमध्ये असतं, आणि नोझल बनवणं हे तर नाशिकचंच कसब. सातपूरला बॉशचा, म्हणजे जुन्या मंडळींच्या मायकोचा कारखाना आहे. तिथे इंजेक्टर आणि नोझल बनतात. आजच्या नोझलचं छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं. त्यातून हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबानं डिझेल फवारतं आणि धुक्यासारखं होतं. त्या छिद्रात काजळीचा कण धरला की धुक्याऐवजी थेंब पडतात, आणि थेंब पूर्ण जळत नाहीत. हे हवेच्या नळीत वायू सोडून सुधारत नाही. पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर इंजेक्टर चढवून फवारा बघावा लागतो.

बीएस-६ डिझेल गाडीत तर डिकार्बनची सोय कंपनीनंच करून दिलेली आहे. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत अडकते आणि ठरावीक भरली की गाडी धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन ती जाळून टाकते. पंचवटी ते कॉलेज रोड एवढ्याच फेऱ्या होत असतील तर हे जाळणं पुरं होत नाही, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. अर्धा तास हायवेला सलग चालवणं हा बहुतेक वेळा पुरेसा इलाज असतो.

पेट्रोलमध्ये काजळीचा खरा त्रास होतो तो थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरूनच जायचं आणि त्याला धुऊन काढायचं. थेट इंजेक्शनमध्ये ते धुणं थांबलं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलकट थर वाढत जातो. तो काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा जोरानं मारतात. धातूला ओरखडा नाही आणि काजळी साफ, इतकं अचूक काम साध्या कवचानं होतं. साध्या इंजेक्शनच्या गाडीत पॉलिइथरअमाइन असलेलं टाकीतलं क्लीनर इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह खरोखर साफ करतं. मुळात पेट्रोलच चांगलं असावं: अमेरिकेत २०१६ साली एएए या वाहनचालकांच्या संस्थेनं करून घेतलेल्या चाचणीत साध्या पेट्रोलनं, उत्तम क्लीनर मिसळलेल्या पेट्रोलच्या तुलनेत, सरासरी एकोणीस पट अधिक थर साचवला.

तेव्हा डिकार्बनला हो म्हणण्याआधी एवढं करा. गाडी वीस मिनिटं चालवून, चांगली तापल्यावर पीयूसीला न्या. तरीही नापास झाली तर स्कॅनर लावायला सांगा. एअर फिल्टर, प्लग, ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, ते रिंग-पिस्टनचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम आहे. डिकार्बन केलंच तर ‘आधी’ची आणि ‘नंतर’ची पावती सारख्याच तापलेल्या गाडीची, त्याच यंत्रावरची आणि वायूची नळी काढल्यावरची मागा. आणि त्याआधी व त्यानंतर तीन-तीन वेळा टाकी फुल्ल करून, किलोमीटर लिहून ॲव्हरेज काढा. कार्बन डायऑक्साइड मोजायला तुमच्याकडे पेट्रोल पंपापेक्षा चांगलं यंत्र नाही.