दांपत्यसुख आणि शरीराचा ओलावा



समागमाच्या वेळी ओलावा कमी पडतो, ही तक्रार केव्हातरी डॉक्टरांपर्यंत पोहोचते. कारण तेथे दुखते, आणि दुखणे माणसाला बोलके करते. ओलावा फार होतो, ही तक्रार मात्र घराबाहेर पडत नाही. किंबहुना ती शेजघरातही उच्चारली जात नाही. स्पर्श पुरेसा जाणवत नाही म्हणून पती अस्वस्थ होतो, पण गप्प राहतो. त्या गप्प राहण्याचा अर्थ पत्नी आपल्या परीने लावते. आपल्याला काही रोग आहे, किंवा आपण सैल पडलो आहो, असे तिला वाटू लागते. मग कोणीतरी सांगितलेला एखादा उपाय ती चोरून करून पाहते, आणि धडधाकट शरीराला खरोखरीचा विकार जडतो. वस्तुतः यातला बराचसा त्रास अज्ञानाचा आहे, आणि अज्ञानाचा त्रास बोलून दूर होतो.

अशा गोष्टी चारचौघांत बोलाव्यात काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. मराठीत त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन झाले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या कामविषयक शंकांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले, आणि 1934 साली न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या मानाने आपले आजचे काम सोपे आहे.

प्रथम हा ओलावा येतो कोठून ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की योनिमार्गात पाणी सोडणाऱ्या ग्रंथी असतात. योनिमार्गाच्या भिंतीत अशा ग्रंथी नाहीत. मन व शरीर उद्दीपित झाले की भिंतीभोवतालच्या रक्तवाहिन्यांत रक्त भरते, दाब वाढतो, आणि रक्तातील पातळ द्रव भिंतीतून पाझरून तिच्या आतल्या बाजूवर थेंबाथेंबाने जमतो. माठाच्या अंगाला पाणी पाझरते, त्यातलाच हा प्रकार. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पाझराचे सविस्तर वर्णन केले. उत्तेजना मिळाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आतच तो सुरू होऊ शकतो, असे त्यांना आढळले. योनिमुखाशी बार्थोलिन नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात, पण त्यांचा वाटा अगदी थोडा.

दुसरा झरा गर्भाशयमुखाचा. तेथला श्लेष्म महिनाभर एकसारखा नसतो. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो विपुल, पातळ आणि अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा होतो. पुढे पुन्हा दाट व कमी होतो. गरोदरपणात स्राव वाढतो, आणि काही स्त्रियांत संततिनियमनाच्या गोळ्यांनीही वाढतो. समागमानंतर जो ओलेपणा जाणवतो, त्यात पतीचे दोन ते पाच मिलिलिटर वीर्यही असते, हे विसरले जाते. एरवीदेखील निरोगी स्त्रीला रोज थोडाबहुत स्राव होतोच. तो आम्लधर्मी असतो, कारण लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू तेथे राहून आम्ल तयार करतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. हे जीवाणू म्हणजे त्या घराचे राखणदारच होत.

मग ओलाव्याने अडचण का व्हावी? बैलगाडीच्या आसाला वंगण लागते. ते नसेल तर आस कुरकुरतो आणि झिजतो. पण पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावर तेल सांडले तर पट्टा घसरतो आणि चाक फिरत नाही. समागमात या दोन्ही गोष्टी लागतात. त्वचेला इजा होऊ नये इतका निसरडेपणा हवा, आणि स्पर्श कळावा इतके घर्षणही हवे. ओलावा फार झाला की घर्षण घटते आणि दोघांनाही संवेदना पुसट वाटते. याचा योनिमार्ग सैल असण्याशी संबंध नाही, आणि शीलाशी तर मुळीच नाही.

तथापि उपायाकडे वळण्यापूर्वी रोग नाही याची खात्री करावी. स्रावाला माशासारखी दुर्गंधी येणे, तो दह्याच्या फुटकुळ्यांसारखा होऊन खाज सुटणे, हिरवट पिवळा व फेसाळ असणे, लघवीच्या वेळी जळजळ, ओटीपोटात दुखणे, ताप, समागमानंतर रक्त दिसणे, पाळी कायमची गेल्यानंतर रक्त जाणे, किंवा पाण्यासारखा स्राव सतत वाहत राहणे, ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जावे. यातल्या बहुतेक जंतुविकारांवर साधी औषधे आहेत. मात्र काही विकारांत पतीनेही औषध घ्यावे लागते. रक्त जाण्याची हयगय तर कधीच करू नये. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच सापडला तर बरा होतो.

‘अंगावर पांढरे जाते’ ही आपल्याकडील जुनी तक्रार. तीविषयीचे दोन अभ्यास आपल्याच भागातले आहेत. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत 650 स्त्रिया तपासल्या आणि निष्कर्ष 1989 साली प्रसिद्ध केले. शेकडा 92 स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त शेकडा 8. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. तेथे स्राव जातो या तक्रारीचे नाते जंतुविकारापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट आढळले. या दोहोंचा बोध एकच आहे: घरबसल्या तर्क करू नये. तपासल्याशिवाय रोग नाही असे म्हणू नये आणि आहे असेही म्हणू नये. स्रावावाटे शरीराची शक्ती निघून जाते, ही समजूत मात्र निखालस खोटी आहे.

आता काय करू नये ते सांगतो. तुरटीचे पाणी, माजूफळाची पूड, बाजारातली आकुंचनाची मलमे यांनी कोरडेपणा आणू नये. दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत कोरडेपणासाठी वनस्पतींच्या पुडी वापरण्याची चाल आहे. अशा उपायांनी त्वचा सोलवटते आणि लैंगिक रोगांचे जंतू शिरायला वाट मिळते. साबणाने किंवा पिचकारीने आतून धुऊ नये. त्याने राखणदार जीवाणूच वाहून जातात आणि दुर्गंधीचा विकार उलट बळावतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. कापूस किंवा कापडाची घडी आत सारू नये. ती आत राहून सडते. सर्दीवरच्या काही गोळ्यांनी अंग कोरडे पडते, म्हणून त्या यासाठी घेणे हाही शहाणपणा नव्हे.

करावयाच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. अंथरुणाजवळ एक मऊ, स्वच्छ सुती पंचा ठेवावा. ओलावा फार झाला असे वाटले की थोडे थांबून दोघांनीही बाहेरून हलकेच टिपून घ्यावे. स्त्रीने पुढून मागे टिपावे, घासू नये. हा थांबा लाजेचा मानू नये. जेवताना आपण हात पुसतोच. अंगाखाली एखादा टॉवेल घातला की अंथरूण भिजण्याची धास्तीही जाते. आधी लघवी करून यावे, म्हणजे ओलावा लघवीचा तर नाही, ही शंका उरत नाही. हसता-खोकताना किंवा समागमात लघवी सुटत असेल, तर तो निराळा आणि उपचार असलेला विकार आहे.

आसन बदलल्याने पुष्कळ फरक पडतो. पत्नीने पाय फाकण्याऐवजी जवळ घेतले, किंवा दोघे कुशीवर निजले, तर दाब वाढतो आणि स्पर्श स्पष्ट होतो. जोराने व भरभर करण्यापेक्षा सावकाश आणि अंगाशी अंग लावून केलेली हालचाल अधिक जाणवते. निरोध वापरणाऱ्यांनी वरून आणखी वंगण लावू नये. निरोध मापाचा असावा, आणि निसटू लागल्यास तळाशी धरून काढावा व नवा घ्यावा.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायामही उपयोगी पडतो. डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली तो मांडला, मूळ उद्देश बाळंतपणानंतर लघवी न आवरण्याचा. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते ओळखावेत. पाच सेकंद आवळावेत, पाच सेकंद सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुण यायला काही आठवडे लागतात. याने ओलावा कमी होत नाही, पण पकड सुधारते.

महिन्यातील ज्या दिवसांत श्लेष्म तार धरतो, ते दिवस ध्यानात ठेवावेत. गर्भ राहण्याचा संभव त्याच दिवसांत अधिक असतो, तेव्हा मूल हवे असणाऱ्यांना व नको असणाऱ्यांना, दोघांनाही ही खूण कळलेली बरी. आणखी एक गोष्ट पतींनी समजून घ्यावी. स्त्रीच्या सुखाचे मुख्य स्थान योनिमार्गात खोल नाही. ते योनिमुखाच्या वर, शिश्निका नावाच्या लहानशा अवयवात आहे. अनेक स्त्रियांना केवळ आतल्या घर्षणाने तृप्ती लाभत नाही. तेव्हा आतले घर्षण घटले म्हणून सुखच गेले, असे मानण्याचे कारण नाही. हाताच्या स्पर्शाला वाव आहे.

शेवटी दोन गैरसमज, ज्यांनी संसार नासतात. ओलावा लवकर किंवा पुष्कळ येतो म्हणून पत्नीचे मन दुसरीकडे आहे, असा संशय घेणारे पुरुष आहेत. हा रक्तवाहिन्यांचा व्यापार आहे. त्यातून चारित्र्य वाचता येत नाही. उलट, ओलावा आला म्हणजे तिची संमती आहे, असेही समजू नये. शरीर पुष्कळदा इच्छेवाचून पाझरते, आणि इच्छा असूनही कधी कोरडे राहते. तिला हवे आहे की नाही, हे तिला विचारूनच कळते.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे. दिवसाच्या निवांत वेळी, शेजेबाहेर, पतीपत्नींनी एकमेकांना विचारावे, ‘तुला कसे बरे वाटते?’ दोष काढण्याचा सूर नसावा. हा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढची वाट दोघे मिळून काढतात, आणि पंच्यासारख्या साध्या वस्तूने भागेल अशा गोष्टीसाठी वर्षानुवर्षे मन मारून राहण्याची पाळी कोणावर येत नाही.