बाळ झोपलंय की नुसतं पडलंय?

बाळ रात्री कितीदा उठलं, असं आईला विचारलं की ती सांगते तो आकडा खरं तर बाळ कितीदा रडलं याचा असतो. जाग येऊन, न रडता हातपाय हलवत पडलेलं आणि आपलं आपणच पुन्हा झोपी गेलेलं बाळ त्यात धरलेलंच नसतं. अशा मुक्या जागरणांची नोंद ॲक्टिग्राफ नावाचं घड्याळवजा यंत्र ठेवतं. मोठ्या मुलांच्या ते मनगटावर बांधतात, तान्ह्यांच्या घोट्यावर.

आतला सेन्सर हालचाली टिपतो आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मांडतो. पण एका मिनिटावरून निकाल देता येत नाही. कूस काय, झोपेतही बदलते. तेल अवीव विद्यापीठाचे आवी सादेह यांनी सहकाऱ्यांसह 1994 मध्ये मांडलेल्या सूत्रात म्हणून मागची पाच आणि पुढची पाच मिनिटंही विचारात घेतात.

गोम अशी, की यंत्र हालचाल मोजतं, झोप नव्हे. मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या तपासणीशी ताडून पाहिलं, तर झोप ते चांगली ओळखतं, जाग ओळखण्यात मात्र कच्चं. डोळे टक्क उघडे ठेवून स्वस्थ पडलेला मुलगा त्याच्या लेखी झोपलेला. काढून टेबलावर ठेवलेलं घड्याळ तर साक्षात कुंभकर्ण! उलट पाळण्याला झोका दिला, की गाढ झोपलेलं बाळही जागं ठरू शकतं. त्यामुळे सोबत वही लागतेच: कधी निजवलं, झोका किती वेळ दिला, घड्याळ कधी काढलं. शिवाय एका रात्रीवर भागत नाही, निदान पाच रात्रींची नोंद हवी.

सादेह, रेऊत ग्रुबर आणि अमिराम राविव यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौथी आणि सहावीतली 77 मुलं होती. तीन रात्री काहींना तासभर जास्त झोपायला सांगितलं, काहींना तासभर कमी. सांगितलेलं कोणी ऐकलं, कोणी नाही, हे मनगटावरच्या यंत्राने दाखवलं. जास्त झोपलेली मुलं रात्री अधिक वेळा चाळवली, तरी स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या काही चाचण्यांत तीच सरस ठरली.

मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. वाचलेला वेळ मुलं खरंच झोपतात, की रात्री तेवढंच उशिरा निजतात, हे आठवडाभर घड्याळ बांधून पाहता येईल. आईबाबांच्या अंदाजावर ते सोडू नये.