चाकाआडचा चिमटा

दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह मोटारीने कोकणात उतरायचे म्हटले, की आपण पेट्रोल पाहतो, चाकांतली हवा पाहतो. पण घाटात ज्याच्या भरवशावर उतरायचे, त्या ब्रेक कॅलिपरची आठवण कितीजणांना होते? चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही अंगांनी आवळणारा हा चिमटाच म्हणा ना! पेडल दाबले, की तेलाच्या दाबाने पिस्टन सरकतो आणि पॅड तबकडीला भिडतात.

बहुतेक घरगुती मोटारींत हा चिमटा दोन पिनांवर सरकतो. पावसाळ्यात त्या गंजल्या, की तो अडकतो. एक पॅड झिजतो, दुसरा तसाच राहतो. प्रवासानंतर एकच चाक फार तापलेले जाणवले, तर समजावे! मी दर पावसाळ्यानंतर मेकॅनिककडून पिना साफ करवून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावून घेतो. साध्या ग्रीसने रबर फुगते.

ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा पिते. नवे डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावलेले १४० अंशांनाही उकळू शकते. वाफ झाली, की पेडल पोकळ जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. खर्च होतो खरा. पण मागच्या सीटवर आपलीच माणसे असतात ना?