शितावरून भाताची परीक्षा : श्वसनरोगांवर प्रयोगशाळेची पाळत

ताप, खोकला आणि घसादुखीची तक्रार घेऊन एखादा रुग्ण सरकारी दवाखान्यात जातो, औषध घेतो आणि चार दिवसांत बरा होतो. त्याच्या नाका-घशातील स्रावाचा नमुना घेतला गेला असेल, तर अहवाल येईपर्यंत तो बहुधा कामावर रुजूही झालेला असतो. मग हा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे सरळ उत्तर असे की, ही तपासणी मुख्यत्वे त्या रुग्णासाठी नसतेच. ज्यांना अद्याप ताप आलेला नाही, त्यांच्यासाठी ती असते.

एखाद्या जिल्ह्यातील प्रत्येक खोकला तपासणे कोणत्याही शासनाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. तशी आवश्यकताही नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी ही रीत आहे. मात्र शिते कोठून व कशी उचलावी, याचे नियम ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक ताप, सोबत खोकला आणि गेल्या दहा दिवसांत झालेली सुरुवात, एवढी लक्षणे असली की तो 'फ्लूसदृश आजार' मानला जातो. त्याच लक्षणांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तो 'तीव्र श्वसनविकार' होय. ठरावीक रुग्णालयांतून दर आठवड्याला, एकाच पद्धतीने, अशा रुग्णांचे काही नमुने घेतले जातात. शंभर नमुन्यांत पाच ठिकाणी विषाणू सापडत असताना पुढील आठवड्यात वीस ठिकाणी सापडू लागला, तर काहीतरी बदलले हे निश्चित समजावे. नुसती रुग्णसंख्या फसवू शकते, कारण तपासण्या वाढल्या की रुग्णही वाढलेले दिसतात. प्रमाण सहसा तसे फसवत नाही.

या कामाची परंपरा जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे १९५२ साली उभारले आणि त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९७८ पासून आपण त्यास राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी टिपलेल्या विषाणूंवरून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, पुढील हंगामाच्या लसीत कोणते वाण घालावेत हे ठरते. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळलेल्या देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदानही पुण्याच्या याच संस्थेत झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. कोविडच्या आरंभी अमरावतीचे नमुने नागपूरसारख्या दूरच्या ठिकाणी पाठवावे लागत. मे २०२० मध्ये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि ही परवड थांबली. त्या वर्षाअखेर साथ ओसरल्यासारखी वाटत होती. देशभर निर्धास्तपणा आला होता. लग्नसराई व मेळावे पूर्ववत सुरू झाले होते. नेमक्या त्याच वेळी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमरावती जिल्ह्यात रुग्णसंख्या झपाट्याने चढू लागली. १७ फेब्रुवारीस राखेचा बुधवार झाला आणि २२ फेब्रुवारीच्या सायंकाळपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागू झाली. उर्वरित देशात त्या वेळी दुसऱ्या लाटेची चर्चाही सुरू व्हायची होती.

रुग्ण वाढले हे प्रयोगशाळेने सांगितले. परंतु का वाढले, हे सांगणे तिच्या हाती नव्हते. आरटी-पीसीआर तपासणी विषाणू आहे की नाही एवढेच दाखविते. त्याच्या अंगात कोणता बदल झाला आहे हे पाहण्यासाठी त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचावी लागते, आणि ती यंत्रणा मोजक्याच ठिकाणी होती. केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' नावाने दहा प्रयोगशाळांचा संघ स्थापन केला होता; तथापि आरंभी त्याचे लक्ष परदेशातून येणाऱ्या प्रवाशांकडे अधिक होते. पहारा विमानतळावर आणि विषाणूची चाल धुऱ्यावरून, असा तो प्रकार झाला. अखेर २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे दोन बदल एकत्र आढळत असून ते पूर्वीच्या कोणत्याही ज्ञात प्रकाराशी जुळत नाहीत. अमरावतीच्या टाळेबंदीस त्या दिवशी तीस दिवस झाले होते. ज्या बी.१.६१७ कुळाची ही चाहूल होती, त्याचा सर्वांत जुना भारतीय नमुना ऑक्टोबर २०२० मधील आहे. त्याच कुळातील एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव मिळाले आणि तिने पुढे जग व्यापले.

या विलंबाचा दोष एका कोणाच्या माथी मारणे आम्हास योग्य वाटत नाही. नमुना थंड पेटीतून न्यावा लागतो. त्यात विषाणूची मात्रा पुरेशी असावी लागते. वाचनास व ताळा पाहण्यास दिवस लागतात. तरीही एवढे म्हणावेच लागेल की, धोक्याची घंटा वऱ्हाडात वाजली आणि ती ऐकण्याची यंत्रणा दूर होती.

त्या दिवसांत काही वृत्तपत्रांनी 'विदर्भ स्ट्रेन' असा शब्द रूढ केला. अमरावती, यवतमाळ, पुणे व सातारा येथील काही नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका वा ब्राझील येथील प्रकार आढळले नाहीत, असा खुलासा राज्याच्या आरोग्य विभागास करावा लागला. रोगास गावाचे नाव चिकटले की माणसे तपासणी टाळतात, आणि तपासणी टळली की पाळत आंधळी होते. डेल्टासारखी ग्रीक अक्षरे योजण्यामागे हाच विचार होता.

नांदगाव पेठसारख्या ठिकाणी ही गोष्ट विशेष लागू पडते. नागपूर महामार्गावरील हे गाव. औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने, औष्णिक वीज केंद्र, ठिकठिकाणचे कामगार आणि दिवसरात्र चालणारी मालवाहतूक. येथे खोकला केवळ गावचा राहत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. त्यात गावपातळीवरील आरोग्यसेविका लक्षणांची, वैद्यकीय अधिकारी संभाव्य रुग्णांची आणि प्रयोगशाळा निश्चित निदानाची नोंद पाठविते. पहिली कडी आरोग्यसेविकेची आहे, आणि तिच्या वहीस आम्ही यंत्रापेक्षा कमी लेखत नाही.

नमुन्यासोबत एक अर्ज भरला जातो. त्यात वय, लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, अलीकडील प्रवास आणि राहण्याचे ठिकाण विचारतात. लोकलज्जेस्तव कोणी नातेवाइकाचा पत्ता देतो, कोणी बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक लिहितो. अशा नमुन्यातील विषाणूचे वाचन कितीही अचूक झाले, तरी तो नांदगाव पेठेत सापडला की परतवाड्यात, हे प्रयोगशाळेस कळत नाही.