एरंडेलाचा फोम : जादा पैसे द्यावेत का?

एरंडेल म्हटले की लहानपणी नाक दाबून घेतलेला चमचा आठवतो. पण याच तेलापासून आता छतावर घालायचा उष्णतारोधक फोमही तयार होतो. इब्रीत जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तापलेले काँक्रीटचे छत रात्रीही निवत नाही. आपल्यापैकी बरेच जण इथे भाड्याने राहत असले, तरी गावाकडच्या घराच्या गच्चीचा खर्च आपल्याच खिशातून जातो. तेव्हा 'वनस्पतिजन्य', 'नॅनोयुक्त' अशा नावांनी येणारा माल नेमका काय आहे, ते पाहू.

पॉलियुरेथेन फोम दोन द्रवांपासून बनतो : पॉलिऑल आणि आयसोसायनेट. दोन्ही सहसा खनिज तेलापासून मिळतात. एरंडेलाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट मुळातच असतात, म्हणून ते पॉलिऑलची जागा घेऊ शकते. सोयाबीन तेलावर त्यासाठी आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. जगात सर्वाधिक एरंडी भारतात, त्यातही गुजरातेत पिकते. मात्र आयसोसायनेट बहुधा खनिज तेलाचेच असते. त्यामुळे 'वनस्पतिजन्य' म्हणजे शंभर टक्के नव्हे.

तेलाच्या रेणूंना लांब शेपट्या असल्याने असा फोम मऊ पडतो. तिथे नॅनोकण कामाला येतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती सुमारे १ नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची असते. आपली काळी जमीन पावसात फुगते, ती याच कुळातल्या मातीमुळे. ही माती वजनाच्या १ ते ३ टक्के नीट मिसळली, की फोममधले बुडबुडे बारीक आणि संख्येने जास्त होतात. त्यातून उष्णता कमी जाते आणि फोम दाब सोसतो. प्रमाण वाढले तर मात्र गुठळ्या होऊन बुडबुडे फुटतात व फायदा उलटतो.

मी सॉफ्टवेअरवाला असल्याने जाहिरातीआधी आकडे पाहतो. उष्णतावाहकतेचा आकडा जितका लहान, तितका माल चांगला. चांगल्या ताठ पॉलियुरेथेनचा तो साधारण ०.०२२ ते ०.०२८ असतो, थर्माकोलचा ०.०३५च्या आसपास. नॅनोयुक्त मालाचा आकडा साध्या फोमइतकाच असेल, तर जादा पैसे कशाला? सोबत घनता आणि आगीच्या चाचणीचा दाखलाही मागावा. माती घातली म्हणून फोम अग्निरोधक होत नाही. उन्हात तो झिजतो, म्हणून वरून संरक्षक लेप हवाच.

आता आरोग्याचे. फवारणीच्या वेळी आयसोसायनेटची वाफ व तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एरंडेल वापरले तरी हा धोका टळत नाही. घरात दमेकरी, वृद्ध किंवा लहान मुले असतील तर विशेष जपावे. सर्वांनीच किमान २४ तास, किंवा उत्पादकाने सांगितले असेल तितका वेळ, दुसरीकडे राहावे. वाळलेला फोम कापताना धुळीसाठी चांगला मास्क लावावा.

थोडक्यात, आकडे लेखी घ्यावेत आणि फवारणीच्या दिवशी घर मोकळे ठेवावे. बाकी एरंडाचे गुऱ्हाळ विक्रेत्याला खुशाल चालवू द्यावे.