ब्रेकचा द्रव जातो कोठे?

दिल्ली, गुरुग्राम वा नोएडा येथील रहदारीत मोटारीचा ब्रेक दिवसातून शेकडो वेळा दाबावा लागतो. अशा एखाद्या मोटारीच्या दर्शकफलकावर तांबडा दिवा लागतो. बॉनेट उघडून पाहिले, तर ब्रेकच्या द्रवाच्या लहानशा टाकीतील पातळी किमान रेषेखाली उतरलेली असते. द्रव ओतला जातो, दिवा विझतो व मोटार पुन्हा रस्त्यावर येते. तीन आठवड्यांनी तोच दिवा पुन्हा लागतो व पुन्हा द्रव ओतला जातो. दिवा विझला म्हणजे दोष गेला, अशी समजूत होऊन बसते. ओतलेला द्रव गेला कोठे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

इंजिनातील पेट्रोल जळून संपते. ब्रेकमधील द्रव खर्च होण्यासाठी नसतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला. ब्रेकची रचना याच नियमावर आधारलेली आहे. पेडल दाबले की प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या द्रवावर दाब देतो. हा दाब नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत जातो व तेथील दट्टे पॅड तबकडीवर, किंवा ब्रेकशू ड्रमच्या आतील अंगावर, दाबून धरतात. पाय उचलताच द्रव माघारी येतो. तेव्हा पातळी उतरण्याची कारणे दोनच संभवतात: पॅड वा ब्रेकशू झिजले असावेत, किंवा द्रव कोठून तरी गळत असावा.

पॅड झिजले म्हणजे दट्ट्या तितका पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा द्रवाने भरते. समजा, पुढच्या चाकातील एकेरी दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर होते. तबकडीच्या दोन्ही बाजूंचे पॅड प्रत्येकी ८ मिलिमीटर झिजले, तर दट्ट्या १६ मिलिमीटर पुढे येतो व त्यामागे सुमारे ३२ घन सेंटिमीटर द्रव राहतो. दोन चाकांचा मिळून हा द्रव ६४ घन सेंटिमीटर भरतो. परंतु ही झीज हजारो किलोमीटरांच्या प्रवासात हळूहळू होते. महिन्याभरातच इतका द्रव नाहीसा झाला, तर त्याचा दोष पॅडकडे देता येत नाही; गळतीच शोधली पाहिजे. पातळी अतिशय सावकाश उतरली असेल, तर प्रथम पॅडची जाडी पाहावी. झिजलेले पॅड तसेच ठेवून टाकी भरली, तर नवे पॅड बसविताना दट्टे मागे रेटले जातात, टाकी उतू जाते व सांडलेला द्रव मोटारीचा रंग खातो.

शोधाची पहिली पायरी मोजणीची आहे. टाकी बाहेरून पुसून कोरडी करावी, द्रव कमाल रेषेपर्यंत भरावा आणि तारीख व किलोमीटर टिपून ठेवावेत. रात्री मोटारीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. दिल्लीच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राचे पाणीही खाली ठिबकते, म्हणून डाग ओळखता आला पाहिजे. पाणी वाळून जाते. इंजिनाच्या तेलाचा थेंब वाटीतील पाण्यावर तरंगतो. ब्रेकचा द्रव हाताला बुळबुळीत लागतो, पण पाण्यात मिसळून जातो.

काही गळत्या कागदावर उमटत नाहीत. ड्रममधील सिलिंडर पाझरत असेल, तर ड्रम उतरवून त्याची रबरी टोपी किंचित उचलल्यावरच ओल दिसते. प्रमुख सिलिंडराच्या मागच्या टोकाची रबरी वाटी झिजली, तर द्रव पायाचा जोर वाढविणाऱ्या निर्वात डब्यात साठतो. तो पाहण्यासाठी सिलिंडर सोडवावा लागतो. काही मोटारींत क्लचलाही याच टाकीतून द्रव मिळतो व गळती तेथे असू शकते. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जाते, पण टाकीतील पातळी कायम राहते, असेही कधी आढळते. तेव्हा द्रव सिलिंडराच्या आतल्या आत मागे सरकत असतो. हा दोषही गंभीर आहे. मात्र द्रव कमी होण्याचे ते कारण नव्हे.

गळका भाग बदलणे हाच उपाय होय. गंजलेली नळी डाग देऊन वापरू नये. द्रवाने भिजलेले ब्रेकशू टाकून द्यावेत व दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलावेत. तसे न केल्यास ब्रेक लावताना मोटार एका अंगास ओढली जाते. त्यानंतर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने नळ्यांतील हवा काढावी. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते; म्हणून बुडबुडे राहिले तर पेडल स्पंजासारखे लागते.

बाजारात या द्रवास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. मोटारींतील नेहमीचा द्रव ग्लायकॉल वर्गातील असतो. त्यात इंजिनाचे तेल पडल्यास रबरी वाट्या फुगून निकामी होतात. टाकीच्या झाकणावर छापलेला प्रकार, उदाहरणार्थ डॉट ३ किंवा डॉट ४, पाहूनच सीलबंद डबा घ्यावा. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ प्रकाराचा कोरडा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते.

सपाट दिल्लीत हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. सुटीत तीच मोटार मसुरीस जाते. परतीच्या वाटेवर डेहराडूनपर्यंतच्या वळणांत तिला एक हजार मीटरांहून अधिक उतरावे लागते. तेथे ब्रेक तापतात आणि झिजलेल्या वाटीवर वारंवार दाब येतो. मोटारीत द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याने एक निकामी झाला तरी दुसरा काम करतो. पण मोटार थांबण्यास लागणारे अंतर बरेच वाढते, आणि घाटात तितके अंतर हाताशी नसते. यास्तव पातळी दुसऱ्यांदा उतरताच तपासणी करून घ्यावी. पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले असेल, तर मोटार कारखान्यापर्यंत चालवीत न नेता कारागिरासच मोटारीपाशी बोलवावे.